अण्णांची गोळी आणि आमची रेघ

आमच्या विभागात पेपर वर्षाला दोन निघतात, किस्से मात्र आठवड्याला चार! कॅन्सरचं औषध शरीरात कसं काम करील, हे आम्ही गणितानं मांडतो. काम गंभीर आहे, म्हणूनच बहुधा इतकं हसायला होतं.

*

दुर्गाघाटच्या मावशीला मी कामाचं सांगत होते.

"म्हणजे तू गोळ्या देतेस?"

"नाही."

"सुई टोचतेस?"

"नाही गं, समीकरणं सोडवते."

मावशी विचारात पडली. "बरं. लोकांना आपण 'कॅन्सरचं काम करते' इथपर्यंतच सांगू!"

*

डॉक्टर पांडे हे आमचे दवाखान्यातले जोडीदार. फळ्यावरचं लांबलचक समीकरण बघून म्हणाले, "इसमें हमारा मरीज कहाँ है?"

आमच्या विभागप्रमुख सरांनी P वर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मेसेज, "P को आज बुखार है!"

*

असे एक P म्हणजे माझे घरमालक अण्णा. रामघाटावर वेद शिकवतात. रक्ताचा कॅन्सर. फक्त बिघडलेल्या पेशींवर काम करणारी गोळी रोज दुपारी, जेवणानंतर. रिपोर्ट त्यांनी आपण होऊन आम्हाला दिले.

बिघडलेल्या पेशींचा पहिला आलेख बघून विचारलं, "रेघ खाली गेलेली चांगली?"

"हो, अण्णा."

"जन्मभर शिष्यांना उलटंच सांगत आलो की!"

*

मग रेघ वर चढू लागली. गोळी लागू पडेनाशी झाली असेल, तर औषध बदलावं लागणार होतं, आणि ते अण्णांना झेपेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. मला जेवण जाईना.

गणिताचं मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलं. गोळी निकामी धरली तर रेघ जुळेना. महिन्यात सात-आठ गोळ्या चुकल्या असं धरलं, की रिपोर्टवर नेमकी बसे!

"अण्णा, गोळी चुकते का हो?"

"छे! एकादशी, चतुर्थी आणि सोमवार सोडून रोज घेतो."

"सोडून?"

"अगं, जेवणानंतर घ्यायची ना? उपासाला मी जेवतो कुठे?"

*

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, व्रत में कुछ भी नहीं खाते?"

"कुछ नहीं. बस साबूदाने की खिचड़ी, आलू, दही, सिंघाड़े का हलवा, मखाने की खीर..."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं 'भोजन के बाद' खोडलं आणि लिहिलं, 'खिचड़ी के बाद भी'!

*

तीन महिन्यांनी रेघ खाली आली. मी सगळ्यांसमोर रडले, आणि अण्णांनी डॉक्टरांसकट अख्ख्या विभागाला दुपारी घरी बोलावलं. नेमकी एकादशी होती.

खिचडी दोनदा, हलवा दोनदा, वर खीर. डॉक्टर भिंतीला टेकून बसले, उठता येईना. अण्णांनी गोळी घेतली, वर पाणी घेतलं आणि डॉक्टरांपुढे पुन्हा वाडगा धरला.

"लीजिए डॉक्टर साहब, आज तो उपवास है!"