चिंपांझीचा झिरा, कवठ्याचा मठ्ठा

सुट्टीत घरी दौंडला जायची तयारी चालली होती, तेवढ्यात सुषमाचा फोन आला. सुषमा माझी बी.एस्सी.ची मैत्रीण. लग्नानंतर कवठे येमाईला गेली, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. "वाट वाकडी कर. शिबिरातल्या मुलांना प्राणी पाणी कसं मिळवतात ते सांग," म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुमच्या लॅबमधल्या त्या काळ्या होणाऱ्या बाटल्या आण." कशाला, ते सांगेना. मी पुण्यात पाणी तपासते. या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि त्यात मैल्यातले जंतू असले, तर दीड-दोन दिवसांत ते काळं पडतं. मी सहा बाटल्या घेतल्या.

शुक्रवारी सकाळी सहाला स्कूटर काढली. कोरेगाव भीमापर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या अंगावर येतात. जाणार असाल तर फर्स्ट शिफ्टची वेळ टाळा. टपरीवरचे पोहे कोरडे, चहा उत्तम, दोन्ही मिळून अकरा रुपये. पेट्रोल शिरूरलाच भरा. पुढे रस्ता अरुंद पण मोकळा, आणि कांद्याची काढणी चालू असल्याचं नाकालाच कळतं.

शाळेत लोडशेडिंग. चित्रांची सीडी बॅगेतच राहिली. मग व्हरांड्यात बसून तोंडीच सांगितलं. चिंपांझीला बरंचसं पाणी फळांतून मिळतं. फळं कमी झाली की तो झाडाच्या ढोलीत साठलेलं पाणी शोधतो. ढोलीत तोंड मावत नाही, म्हणून पानं चघळून त्यांचा बोळा करतो, बुडवतो आणि चोखतो. मी एक पान बुडवून मोजपात्रावर निथळवलं, मग चार पानं चुरगाळून, बुडवून पिळली.

"चार घेतली म्हणून जास्त आलं," एक मुलगी म्हणाली. "एकच चुरगाळा."

तिचं बरोबर होतं. एकच चुरगाळलं, तरी पाणी जास्तच आलं. पण ही चूक माझ्या आधी तिच्या लक्षात आली.

सुषमाचे सासरे, आबा, दाराशी काठी टेकून ऐकत होते. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत गेलेले, आता कांदा आणि ऊस करतात. काही ठिकाणचे चिंपांझी समोर पाणी दिसत असूनही शेजारच्या वाळूत हाताने खड्डा करतात आणि त्यात पाझरलेलं पितात, असं मी सांगितलं, तेव्हा ते आत आले.

"समूर पाणी असून?"

"हो. वाळूतून गाळून येतं म्हणून असावं. नक्की कारण चिंपांझीला कुणी विचारलेलं नाही."

"इचारायचं काय त्यात? झिराच हाय की त्यो! माकडाला कळतं, आन् आमच्या पोराला, बबनला कळंना. झिऱ्याला जेसीबी आणतो!"

पोरं हसली. सुषमा हसली नाही. दुपारी जेवताना तिने सगळं सांगितलं. रविवारी नदीकाठच्या म्हसोबाचं जेवण असतं, भावकीतली दीडशे माणसं. पाणी नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचंच वापरायचं, हा रिवाज. गेल्या वर्षी जेवणानंतर वीस-पंचवीस जणांची पोटं बिघडली. मठ्ठा सुषमाने केला होता. कुणी तोंडावर काही बोललं नाही. यंदा मठ्ठा जावेकडे गेला, एवढंच. शिवाय शाळेत मुलांना स्वच्छतेचा धडा तीच शिकवते.

"गेल्या वर्षी पहिल्यांदाच झिरा मशीननं काढला होता," ती म्हणाली. "तू सांग त्यांना, पाणीच खराब होतं म्हणून."

"गेल्या वर्षीचं पाणी मी कसं तपासू?"

तिला ते आवडलं नाही.

चार वाजता नदीवर गेलो. सुषमाचा दीर बबन यानं सकाळीच यंदाचा खड्डा मारून घेतला होता. स्कूटर आत मावली असती. खड्ड्याची एक कड फुटून शेजारचं हिरवं डबकं सरळ आत येत होतं.

"काय पाणी लागलंय, मॅडम!" बबन खुशीत. "आबांचा झिरा म्हंजी वाटीभर. दीडशे माणसाला पुरंल व्हय?"

"म्हशी धुवायच्यात का रं तुला?" आबा म्हणाले.

त्यांनी डबक्यापासून आठ पावलं मोजली, गुडघ्यावर बसले आणि हातांनी वाळू काढू लागले. कोपरभर खोल गेल्यावर ओल आली, मग गढूळ पाणी. ते वाटीनं उपसून लांब फेकलं. पुन्हा भरलं, पुन्हा फेकलं. पाचव्यांदा भरलेल्या पाण्यातून तळाची वाळू दिसली. मी डबकं, बबनचा खड्डा आणि आबांचा झिरा, प्रत्येकाच्या दोन-दोन बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि सुषमाच्या माळ्यावर ठेवल्या. शनिवारी शिबिरात पानांचे बोळे आणखी झाले. बाटल्या मी कुणाला बघू दिल्या नाहीत.

रविवारी सकाळी आठला सगळ्यांसमोर खाली काढल्या. डबक्याच्या दोन्ही काळ्या. बबनच्या खड्ड्याच्याही दोन्ही. आबांच्या दोन्ही जशाच्या तशा.

"म्हंजी गेल्या साली पाण्यानंच झालं?" सुषमाच्या सासूबाईंनी विचारलं. सुषमा माझ्याकडे बघत होती. हो म्हणणं सोपं होतं.

"गेल्या वर्षीचं मला सांगता येणार नाही. या खड्ड्याचं पाणी कच्चं पिऊ नका, एवढं नक्की. स्वयंपाकाला चालेल, खळखळून उकळा."

"आन् आबांचं?"

"या तपासणीत दोष दिसला नाही."

सासूबाईंनी बराच वेळ काळ्या बाटल्या न्याहाळल्या. मग धाकट्या सुनेला म्हणाल्या, "ताकाची घागर सुषमाला दे. तू भाताकडं बघ." बबननं गुपचूप खोरं उचललं आणि आबांच्या हाताखाली आणखी तीन छोटे झिरे काढले. मठ्ठ्याला आणि प्यायला ते पुरले.

पंगत बसली. सुषमानं मठ्ठ्याचा पहिला पेला माझ्यापुढे ठेवला, आणि वाढपीसुद्धा थांबले.

"घ्या मॅडम," बबन म्हणाला. "तपासा."

खरं सांगायचं तर त्या बाटल्या सगळेच दोष दाखवत नाहीत. हे या पंगतीत मला एकटीलाच माहीत होतं. समोर आबा होते, हातांच्या भेगांत अजून वाळू. मी पेला संपवला. कोथिंबीर, आलं, मीठ बेताचं. दुसरा मागितला, तेव्हा पंगत हलली.

सोमवारी सकाळी निघाले. शिरूर, न्हावरे, चौफुला. मग वरवंडला उसाचा रस आणि पाटसहून दौंड. आठवडी बाजार नसेल तर साडेतीन तास पुरतात. या वाटेवर मुद्दाम बघायला जावं असं काही नाही. पण आबांसारखं कुणी भेटलं तर झिरा काढायला लावा, आणि स्वतःचे हात घाला. कुठे थांबायचं आणि किती वेळा फेकायचं, हे ऐकून समजत नाही.

मंगळवारी दुपारी सुषमाचा फोन आला.

"सासूबाई विचारतायत, तुझं पोट कसं आहे?"

"ठीक आहे. तिकडे?"

"इथे सगळे ठणठणीत. बबन तर पाच पेले प्याला होता." मग ती हळूच म्हणाली, "तू हो म्हणाली असतीस ना, तर सासूबाईंनी विश्वास ठेवला नसता. मैत्रीण म्हणून बोलते, असं म्हणाल्या असत्या."

मी तेव्हा एवढा विचार केला नव्हता. तसं तिला सांगितलंही.