सोनाबाईचं भाड्याचं घर

पनवेलजवळच्या रोडपालीतल्या त्या इमारतीत सोनाबाई चौथ्या मजल्यावर राहायला आली, तेव्हापासून तिनं भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता. कपाट भिंतीपासून वीतभर लांब, वरवंटा चालवायचा तर पाट्याखाली गोणपाट, आणि नळ जरा जोरात सुटला तरी तिचा जीव वरखाली. शेजारणींना वाटायचं, कोळीण मोठी टापटिपीची. टापटीप कसली डोंबलाची! दुसऱ्याचं घर खराब होऊ नये म्हणून बाई श्वाससुद्धा जपून घ्यायची.

कारण असं की त्या घराचे दर महिन्याला पैसे भरावे लागत. मुलगा शैलेश आखातातल्या एका बंदरात क्रेन चालवतो. जाण्याआधी त्यानं "आये, घर आपलं घेतलं" म्हणून पेढे वाटले होते. आणि पुढच्याच महिन्यात वॉचमन बिल घेऊन दारात हजर. तिनं फोनवर विचारलं तर शैलेश म्हणाला, "मेंटेनन्स हाय, आये. भरायलाच लागतं." सोनाबाईचा जन्म उरणकडच्या खाडीकाठी गेला. दर महिन्याला घराचे पैसे भरतो तो भाडेकरू, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पोरगं लाजेपायी थाप मारतंय, असं तिनं ठरवून टाकलं आणि पुन्हा चकार शब्द काढला नाही. एकुलत्या एका पोराला खोटं कोण पाडणार?

पण ह्या गप्प बसण्याची तिला फार किंमत पडली. तिचा नवरा आनंदा वादळात होडीसकट गेला होता. त्याच्या नावाचा चांदीचा टाक घडवून तो घरच्या देवांत बसवला, आणि ते देव गावी धाकटा दीर धर्मराज याच्या देव्हाऱ्यात होते. शैलेशनं घर घेतलं तेव्हा धर्मराज आपणहून म्हणाला, "वयनी, दादाला घेऊन जा." तिनंच नेलं नाही. भाड्याच्या घरात देव मांडायचे नाहीत, असं तिचं मत. उद्या मालकानं निघा म्हटलं, तर आनंदाला पिशवीत घालून कुठं हिंडायचं? जिवंतपणी तो पावसाळा सोडला तर पाण्यावरच असायचा. निदान आता तरी जवळ असावा, एवढंच तिला हवं होतं. रोज संध्याकाळी ती एका रिकाम्या पाटापुढे दिवा लावायची.

यंदा लिफ्ट बिघडली. दुसऱ्या मजल्यावरची किशोरी सोसायटीची खजिनदार. लिफ्टसाठी जादा पैसे काढायचे ठरलेत, हे सांगायला ती वर आली.

"ते तुमी मालकाला सांगा," सोनाबाई म्हणाली.

"कुठल्या मालकाला?"

"ह्या घराच्या. मी भाडं येळच्या येळी भरतंय. लिफ्ट त्यानं करावी."

किशोरी म्हणाली, "मावशी, मालक तुम्हीच आहात. फ्लॅट शैलेशच्या आणि तुमच्या नावावर आहे."

"मंग दर म्हैन्याला पैसं कसलं घेता?"

किशोरी आत येऊन बसली. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, झाडलोट, लिफ्ट, हे सर्व्हिस चार्जेस. घर लहान असो की मोठं, सगळ्यांना सारखे. पाण्याचे पैसे नळांप्रमाणे. शिवाय इमारत जुनी झाली की डागडुजीला हवेत म्हणून थोडे बाजूला. "ह्यातला रुपयाही कुणा मालकाच्या खिशात जात नाही," ती म्हणाली.

सोनाबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "म्हंजे होडीचा वाटा! मासली इकली का पैला होडीचा वाटा निंगायचा, मंग मानसांचा. होडी आमचीच, तरी निंगायचा. डांबर, फळ्या, दोर, समदं त्यातूनच."

"अगदी तसंच," किशोरी म्हणाली. आणि मुलगी प्रामाणिक, म्हणून पुढचंही सांगितलं, "जमीन मात्र आपली नाही हं. ती सरकारी महामंडळानं सोसायटीला साठ वर्षांच्या पट्ट्यानं दिलीय."

"असूंदे. खाडी तरी कुठं आमच्या नावावर व्हती?"

त्या दिवशी सोनाबाईला हसू आवरेना आणि रडूही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पनवेलच्या स्टँडवर उरणच्या एसटीत बसली. पाट घासून, रांगोळी घालून तयार ठेवला होता.

धर्मराजच्या सुनेनं टाक दुधानं धुतला, नव्या लाल फडक्यात बांधला आणि तिच्या ओटीत घातला. सोनाबाई ओट्यावर आली. भरती चढत होती, दोन होड्या खाडीत शिरत होत्या, आणि ओल्या जाळ्यांचा वास थेट दारापर्यंत आला होता. ती पायरीवर बसली ती बसलीच. रोडपालीच्या खिडकीतून रात्रंदिवस ट्रक दिसतात, लोखंडाची गोदामं दिसतात. एवढी वर्षं तिनं फक्त घर कुणाचं ह्याचाच घोर केला होता. आनंदा तिथं काय बघत बसेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"धर्मराज, ह्याला घे रं."

"का गो वयनी? घर तुजंच हाय ना?"

"माजंच हाय," ती म्हणाली. "पन तिथनं पानी दिसत नाय."

धर्मराजनं दोन्ही हात पुढे केले. सोनाबाईनं फडकं त्याच्या ओंजळीत ठेवलं खरं, पण तिची बोटं काही केल्या सुटेनात.