मावशींनी लपवलेली पाकिटं

रेवसला माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटसमोर एक मावशी बसतात. सकाळची मासळी विकून झाली की तिथे खाऊ मांडतात. वडा कालचा असेल तर स्वतःच सांगतात, "शिला हाय, नको घेऊ." मुख्याध्यापकांनाही तोंडावर सुनावणारी बाई.

बायको पहाटे कामावर निघते, म्हणून मुलीचा डबा माझ्याकडे होता. मी आळस करायचो आणि तिच्या हातात नोट ठेवायचो. त्या पैशांत ती मावशींकडून वेफर्सची दोन पाकिटं घ्यायची. वर्षभरात गणवेश दोनदा उसवून सैल करावा लागला. जिना चढताना तिला धाप लागायची. मला दिसत होतं, पण कोणत्या तोंडाने बोलणार?

परवा ती वही विसरली, म्हणून मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. तिला येताना पाहून मावशींनी पाकिटांची माळ झटकन पदराखाली घेतली.

"संपली गो बाय. करांदे खा," म्हणत त्यांनी उकडलेले कंद तिच्या हातावर ठेवले.

ती गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, पाकिटं तर आहेत."

"मंग? चार पोरींत तिला जाडी म्हनू?" त्या उखडल्या. "आन तुला डबा कराला काय झाला रं?"

मी वही देऊन घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून मी तांदळाची भाकरी थापली, वर अंड्याची पोळी केली. सुट्टीत मुलगी डबा घेऊन मावशींच्या शेजारी बसली. मी गेटपाशी घुटमळत होतो. मावशींनी एक तुकडा चाखला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बापाची भाकर करपली हाय."

मुलगी हसली आणि तिने डबा स्वतःकडे ओढून घेतला.