टाकळी मठाची, शेत भागाबाईचं

टाकळी नावाची गावं खानदेशात चिक्कार. म्हणून ओळखीसाठी पुढं काहीतरी चिकटवतात. एरंडोल तालुक्यातल्या या टाकळीला 'मठाची' हे शेपूट चिकटलं, ते नुसतं ओळखीपुरतं नव्हतं. गावची निम्मी काळी जमीन खरोखरच मठाची. ओढ्याकाठची तर सगळीच. कुणा सरदारानं लढाईत पाप केलं, ते धुवायला शंभर एकर दिली. कुणा देशमुखाला मूल होईना, त्यानं नवसाची पन्नास दिली. कुणी निपुत्रिक मेला की त्याची चालून आली. पाप सरदाराचं, नवस देशमुखाचा आणि घाम कुळांचा! याला म्हणायचं धर्म.

त्यातल्या सात एकरांत भागाबाईच्या आजेसासऱ्यापासून नांगर चालत आला होता. घर बौद्धवाड्यात. नवरा चिंधा बिऱ्हाडे, मुका मुका राबणारा माणूस. दोन मुली, एक बोदवडला दिलेली, एक धुळ्याला. सत्याऐंशी सालच्या पौषात, कापसाची शेवटची वेचणी चालू असताना चिंधाच्या छातीत कळ आली आणि तो शेतातच गेला. पन्नाशीची भागाबाई आठ दिवस घराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी मठाचा कारभारी देवचंद दारासमोर येऊन उभा राहिला. आत आला नाही, बसला नाही. चिंधाबद्दल एक शब्द बोलला नाही.

"भागाबाई, यंदा अखजीला ढेकूळ कोण आणणार?"

अखजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात शेताचं वर्ष तिथून उघडतं. सालदार त्या दिवशी मालक बदलतो, लेकी माहेरी येऊन झोके घेतात. टाकळीत त्या दिवशी आणखी एक गोष्ट होई. मठाचं प्रत्येक कूळ आपल्या शेतातलं एक ढेकूळ घेऊन मठात जाई आणि गादीपुढच्या पाटावर ठेवी. महाराज त्याला पायाचा अंगठा लावत. मग कुळानं ते उचलायचं, कपाळाला लावायचं आणि परत शेतात नेऊन फोडायचं. झालं! पुढच्या अखजीपर्यंत शेत त्याचं. ज्याच्या ढेकळाला पाय लागला नाही, त्याचं शेत त्याच दिवशी सुटलं. बाकी गावांतली कुळं कूळकायद्यानं मालक झाली. पण देवाधर्माच्या ट्रस्टांना कायद्यात सूट ठेवलेली, म्हणून टाकळीची कुळं ढेकळंच वाहत राहिली. छप्पन साली बौद्धवाड्यानं दीक्षा घेतली, देव्हारे रिकामे केले, पण ढेकूळ काही सुटलं नाही. पोटाला कोण दीक्षा देणार?

"कोन म्हंजे? मी लई येसू," भागाबाई म्हणाली.

देवचंद हसला. "बाई गादीपुढं चालत नाही. कोणत्याच जातीची. आम्ही काही तुमच्या समाजाला म्हणत नाही, गैरसमज नको. तुझा दीर आहे ना, जीवराम? त्याला पाठव."

देवचंद चतुर माणूस. शिवाशिवीवरून कायद्याचा दंडा बसतो हे मठाला कळलं होतं, म्हणून बौद्धवाड्यातल्या पुरुषांना त्यांनी दिवाणखान्यात यायला मोकळीक दिली होती. बाईचा विटाळ मात्र शिल्लक ठेवला. त्याच्यावर दंडा नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत जीवराम हजर. तोंडात गूळ.

"वैनी, शेत घरमाच ऱ्हाई. ढेकूळ मी ठेवस, दाना तू खा."

"आज तू ठेवशी, उद्या तुन्ही बायको माले बांधवर उभी करी."

"आसं कसं बोलस व तू?"

"मी आसंच बोलस. कारभारीनी काय कबूल करं तुले, ते सांग आधी."

जीवराम चपला शोधू लागला. तेवढंच उत्तर तिला पुरलं.

दर रविवारी दुपारी विहारात प्रौढांचा वर्ग भरे. एरंडोलच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारे अभिमन सर तो चालवत. भागाबाई अक्षरं शिकली ती तिथंच, आणि पहिलं वाचलं ते सातबाराचा उतारा. त्या रविवारी तिनं पाटी काढलीच नाही.

"सर, हाई मठनं खूळ आपलाच देशमा शे, का बठ्ठीकडे शे?"

सर खुलले. असला प्रश्न त्यांना शाळेत कुणी विचारत नसे. ते सांगू लागले. युरोपात हजार वर्षांपूर्वी गावोगाव असेच मठ होते. राजे, सरदार मरायच्या आधी घाबरत आणि आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करा म्हणून मठाला गावंच्या गावं लिहून देत. मठाधिपती राजाच्या दरबारात सरदारांच्या रांगेत बसे. कुळांनी मठाच्या रानात फुकट राबायचं, मठाच्याच चक्कीवर दळायचं. घरी जातं सापडलं तर काही मठांची माणसं ते फोडून टाकत.

"जातं फोडेत?" भागाबाईला ते सगळ्यात लागलं.

"हो. आणि गंमत ऐका अक्का. माणूस मरतो, मुलांत वाटण्या होतात, जमीन हिंडती राहते. मठ मरत नाही. त्याला बायको नाही, पोरं नाहीत, वाटणी नाही. आत गेलेली जमीन बाहेर येत नाही. तिकडचे लोक त्याला 'मेलेला हात' म्हणत."

"मूठ वळीसन मरना व्हयी," भागाबाई म्हणाली. वर्ग हसला. ती हसली नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, ही आपल्या नशिबाची गोष्ट. आता कळलं, ही तर जुनी, सात समुद्रापलीकडंही चाललेली चलाखी आहे. नशिबाशी भांडता येत नाही. चलाखीशी येतं.

तिनं तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज टाकला. चिंधाच्या जागी कूळ म्हणून भागाबाई. मठानं लगेच हरकत घेतली आणि चैत्रात प्रकरण एरंडोलला तहसीलदारांपुढं गेलं. देवचंद इस्त्रीचं धोतर नेसून आला. मठाची परंपरा तीनशे वर्षांची, असं त्यानं छाती फुगवून लिहून दिलं. खाली सही ठोकली. तहसीलदारांनी ते मोठ्यानं वाचलं: 'अखजीच्या दिवशी गादीपुढील ढेकळास महाराजांच्या पायाचा स्पर्श होताच ते शेत त्या कुळाकडे पुढील सालासाठी कायम होते. यापेक्षा निराळा कागद मठ देत नाही व मानीत नाही. भागाबाईने असा स्पर्श घेतलेला नाही.'

"अखजी अजून यायची आहे," तहसीलदार म्हणाले. "ज्येष्ठात या."

बाहेर आल्यावर भागाबाईनं सरांकडून ते निवेदन दोनदा वाचून घेतलं.

"सर, याम्हा बाईनं नाव कोठे शे? बाईनी ठेवू नही, आसं लिखेल शे का?"

"नाही. ते त्यांनी गृहीतच धरलंय."

"धरू द्या."

अखजीला मठाचा दिवाणखाना भरला होता. आमदारानं पाठवलेला हार महाराजांच्या गळ्यात, मागं लोड, पुढं पाट. अठरा कुळं रांगेत. महाराज अंगानं भरदार. सकाळचे मांडे आणि आमरस पोटात, डोळे अर्धे मिटलेले. देवचंद नाव पुकारी, कूळ ढेकूळ ठेवी, महाराज अंगठा टेकवत. कुणी हलवल्याशिवाय पाय हलत नव्हता. जीवराम डोक्याला नवा रुमाल बांधून रांगेच्या शेवटी उभा. त्याच्या हातात ढेकूळ होतं, पण शेतातलं नव्हतं. भागाबाई पहाटेपासून बांधावर विळा घेऊन बसलेली, त्याला शेतात पाय घालू देईना. त्यानं रस्त्याकडेचं उचललं होतं.

"चिंधा बिऱ्हाडेचं शेत," देवचंद पुकारला.

तेवढ्यात दारात गलका झाला. भागाबाई उंबरा ओलांडून आत आली होती. डोक्यावर पदर, ओंजळीत काळंभोर ढेकूळ. जीवरामाच्या पुढून गेली, त्याच्याकडं बघितलंही नाही. ढेकूळ पाटावर ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली.

"ए! ए बाई!" देवचंद ओरडला. "ऊठ आधी! गादी बाटवलीस!"

"मी उठणार नही. महाराज पाय लावतीन तवय उठसू."

तिचा बेत एवढाच होता. बसायचं. उचलून फेकलं तर फेका, अठरा कुळांसमोर फेका, मग तहसीलदारापुढं तेच सांगायचं. यापलीकडं तिनं काही योजलं नव्हतं.

पण मठाचाच नियम होता. बाई गादीपुढं आली की महाराजांनी तत्काळ उठून स्नानाला जायचं. तीनशे वर्षांत ती वेळ आली नव्हती, त्यामुळं तालीम नव्हती. महाराज दचकून जागे झाले. समोर बाई बघितली आणि धडपडत उठले. आतलं दार उजवीकडं, तिथं जायला वाट पाटावरूनच. त्यांनी पाट ओलांडायला पाय टाकला. अंग जड, झोप डोळ्यांवर, सोवळ्यात पाय अडकलेला. पाय थेट ढेकळावर पडला. ढेकळाची दोन शकलं झाली.

मग रांगेतून म्हातारे वना आबा ओरडले, "पाय लागना! पाय लागना रे भो!"

भागाबाईनं विचार करायला अर्धा क्षणही घेतला नाही. दोन्ही तुकडे पदरात घेतले, कपाळाला लावले आणि उठली.

"थांब!" देवचंद आडवा आला. "तो चुकून लागला. महाराजांच्या मनात नव्हतं."

"आमना बापजादासना ढेकळासले बी पायच लागे, कारभारी. मन कोन्ही देखं व्हतं?"

"हे चालणार नाही!"

"चालणार नाही?" वना आबा रांग सोडून पुढं आले. आयुष्यभर ज्यानं देवचंदच्या बापापुढं चप्पल काढून हातात धरली, तो माणूस. "मांगला साले महाराज घोरी ऱ्हायन्तात. तूच त्यासना पाय धरीसन मना ढेकळाले लाया. तवय त्यासना मनमा व्हतं का? इन्हं चालणार नही, ते मना शेतनं काय? या बठ्ठासनं काय?"

मागं कुजबुज वाढली. प्रत्येकाला आपापली अखजी आठवू लागली. आतून महाराजांच्या अंगावर पाण्याचे तांबे ओतल्याचा आवाज येत होता. भागाबाई उंबऱ्यावरून बाहेर पडली, तेव्हा जीवरामाच्या हातातलं ढेकूळ त्याच्या पायांपाशी पडलेलं होतं.

जेठातल्या तारखेला मठानं जळगावहून वकील आणला. वकिलानं भाविकांच्या भावना सांगितल्या, पावित्र्य सांगितलं, बाईचा उद्धटपणा सांगितला. तहसीलदारांनी देवचंदचंच निवेदन त्याच्यापुढं सरकवलं. "स्पर्श होताच, असं तुम्हीच लिहून दिलंय. स्पर्श झाला की नाही?" रांगेतल्या अठरापैकी सतरा कुळं साक्षीला आली होती. अठरावा जीवराम, तो कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बसून होता. हरकत फेटाळली गेली. वारस नोंद मंजूर झाली.

बाहेर अभिमन सरांनी चहा सांगितला. हात चोळत म्हणाले, "अक्का, जिंकलात! मठाला त्याच्याच परंपरेनं पाडलंत!"

भागाबाईनं नवा उतारा त्यांच्यापुढं धरला. मालक म्हणून मठ संस्थान. खाली बारीक अक्षरात कूळ म्हणून ती.

"वाचा सर. वरते कोन शे?"

सरांनी वाचलं, "मठ संस्थान."

"पुढला साले मी पुन्हा त्यान्हा पायखाले माती ठेवू? ह्याले जिकनं म्हनतस? तुम्ही सांगं व्हतं ना, त्या गोरासना देशमा मठ व्हतात. आते शेतस का?"

"काही आहेत. पण जमिनी गेल्या. एका राजानं मठच मोडले, जमिनी जप्त केल्या."

"आनि कुळासले दिन्ह्यात?"

सरांनी कपात बघितलं. "नाही. विकल्या. श्रीमंतांनी घेतल्या. पुष्कळ ठिकाणी नवीन मालकांनी कुळांना हाकलून तिथं मेंढ्या घातल्या."

"मंग त्या राजानं कवतिक माले सांगू नका." तिनं चहा बाजूला ठेवला. "मठले कायद्यानी सूट कशावर शे?"

"कलेक्टरांच्या दाखल्यावर. सगळं उत्पन्न धर्मकार्याला लागतं, असा दाखला असावा लागतो."

"देखा शे तुम्ही तो दाखला?"

"नाही. असेल जळगावला."

"असेल!" ती कडाडली. टपरीवरची माणसं वळून बघू लागली. "शिकेल मानूस आनि 'असेल' म्हनस! बठ्ठं उत्पन्न पूजाले लागस, आनि देवचंदना पोऱ्यानी मोटारसायकल कसावर पळस? सोमवारे जळगाव जाऊ. तुम्ही चला."

सर चुळबुळले. हायस्कूलच्या संचालकांत महाराजांचे दोन भक्त होते, हे तालुक्याला ठाऊक होतं. "अक्का, माझी नोकरी..."

"बरं. अर्ज तरी लिखी द्या."

तो त्यांनी तिथंच लिहून दिला. सुबक अक्षरात, दोन पानी, खाली सहीची जागा मोकळी सोडून.

सोमवारी सकाळी एरंडोलच्या स्टँडवर जळगावच्या गाडीत भागाबाईबरोबर टाकळीची अकरा कुळं चढली. अकरा अंगठे त्या अर्जावर उमटले होते आणि सगळ्यांच्या वर भागाबाईची वाकडी, दाबून केलेली सही. वना आबांनी तिच्यासाठी पुढची सीट धरली होती. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, तशी तिनं खिडकीतून स्टँडच्या दाराकडं एकदा बघितलं. सर नव्हते.

"सोड भाऊ गाडी," ती म्हणाली. "जे येवाना व्हतात, त्या बठ्ठा येल शेतस."