अठरावं चालू

इंग्लंडमध्ये वॉटफर्डला असताना तिथल्या कौन्सिलने आमच्याकडे एरिट्रियाची एक मुलगी राहायला पाठवली होती. एकटीच आलेली, आईबाप तिकडेच. तिला या देशात राहू द्यायचं की परत पाठवायचं, हा सरकारचा निर्णय यायचा होता. अठरा पूर्ण होईपर्यंत ती आमच्याकडे, मग कुठल्यातरी दुसऱ्या गावात, मोठ्या माणसांच्या हॉस्टेलवर. जन्मतारीख तिला माहीत नव्हती, म्हणून कागदोपत्री एक जानेवारी धरलेली. राहू द्यायचा निर्णय त्याआधी आला तर तिला आमच्याकडेच राहता येणार होतं, म्हणून आम्ही सगळेच पोस्टमनकडे डोळे लावून बसायचो.

सासूबाई वय सांगायच्या ते आपल्या पद्धतीने, चालू वर्षाचं. सतरा पूर्ण झाली की लगेच अठरावं. मला चाळिशी त्यांनी वर्षभर आधीच लावली होती, ते मी अजून विसरलेले नाही.

एकदा सोशल वर्कर बाई आल्या. मी किचनमध्ये चहा टाकत होते, तेवढ्यात सासूबाईंनी ऐटीत इंग्लिशमधून सांगून टाकलं की पोरीला अठरावं चालू आहे. झालं! तिच्या वयाबद्दल कौन्सिलला आधीच शंका. बाईंनी लगेच लिहायला घेतलं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मी चहा तसाच सोडून धावले आणि आपलं गणित समजावत बसले. शेवटी सासूबाईंना त्यांचं वय सांगायला लावलं आणि त्यांचा पासपोर्ट आणून दाखवला. त्या स्वतःलाही एक वर्ष जास्तच लावतात हे पाहिल्यावर बाई हसल्या आणि लिहिलेलं खोडलं. त्या गेल्यावर मी सासूबाईंवर अशी भडकले की दोन दिवस आमचा अबोला होता. पोरीशी मात्र त्यांच्या गप्पा चालू होत्या, मेथी निवडता निवडता.

निर्णय काही आला नाही. एक जानेवारी आली. घरात वाढदिवस कुणाचाही असो, औक्षण सासूबाईच करायच्या. मी निरांजन लावून ताम्हण पुढे केलं.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "आज कुणाचा वाढदिवस नाही."

दुसऱ्या दिवशी सोशल वर्कर बाई गाडी घेऊन आल्या. पोरगी बॅग भरून जिन्यात बसली होती. सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी कुणाचं वय कमी करून सांगितलं नव्हतं.

"शी इज सेव्हन्टीन," त्या म्हणाल्या. "सेव्हन्टीन ओन्ली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरेना, आणि या वेळी समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी बॅग उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.