बाबांना आवडलेला आमिश पुढारी

मुलांच्या एका विश्वकोशासाठी आमिश लोकांवरचं प्रकरण मी मराठीत लिहीत होते. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची माझी खोड, आणि परळच्या आमच्या दोन खोल्यांत ते बाबांच्या कानावर न पडणं अशक्यच. अमेरिकेतल्या या ख्रिस्ती पंथाचे लोक अजून घोडागाडीने फिरतात, घरात वीज घेत नाहीत, एवढं होईपर्यंत बाबा पेपरात डोकं घालून होते. पण त्यांचे पुरुष दाढी राखतात आणि मिशी काढतात, हे आलं तसा पेपर खाली आला.

"बघ! तिकडच्या माणसांना कळतं," बाबा म्हणाले.

हा टोला दोन दारं सोडून राहणाऱ्या मोठ्या काकांना होता. आजोबांच्या दहाव्याला केस-मिशी उतरवायची आमच्यात रीत. काकांनी मिशीला हात लावू दिला नाही. बाबांनी तिथेच जाहीर केलं, "दादा, यापुढे तुझ्या पंगतीला मी नाही." त्याला अकरा वर्षं झाली होती. गॅलरीत दोघे तासन्‌तास बोलायचे, क्रिकेटवरून भांडायचे, एकमेकांची औषधं आणायचे. एकत्र जेवायचे तेवढे नाहीत. आता रविवारी काकांची पंचाहत्तरी होती आणि बाबांची समजूत घालून घालून आई थकली होती.

त्या पंथाचा पहिला पुढारी बाबांना भलताच आवडला. तीनशे वर्षांपूर्वीचा हा स्वित्झर्लंडचा माणूस. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून-उमजून घ्यावा असं मानणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांचा धर्मोपदेशक. वाळीत टाकलेल्याबरोबर जेवायचंसुद्धा नाही, हा त्याचा हट्ट. गावोगाव फिरून तो बाकीच्या धर्मोपदेशकांना विचारायचा, हे मान्य आहे का? आढेवेढे घेणाऱ्यांना त्याने जागच्या जागी वाळीत टाकलं. त्या फुटीतून आमिश वेगळे झाले.

"माणूस खमका!" बाबा खूश. मला राग येत होता आणि हसूही.

शनिवारी सकाळी शेवटचं पान वाचलं. पुढे त्या पुढाऱ्याला वाटलं, आपण घाई केली. त्याने चूक कबूल केली आणि स्वतःलाच वाळीत टाकलं.

"स्वतःला?"

"हो."

"मग घेतलं ना त्यांनी परत?"

"नाही जमलं, बाबा. वेगळे झाले ते झालेच."

बाबांनी ते पान माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं.

रविवारी काकांकडे पंगत बसली. बाबा आले, ताट मागून घेतलं आणि आत न जाता उंबऱ्याबाहेर गॅलरीत मांडी घालून बसले.

"आत ये रे," काका म्हणाले.

"नको, दादा. तेव्हा घाई माझी झाली. आज मी वाळीत."

काकी वाढता वाढता थांबली. काकांनी आमिशांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी आपलं वाढलेलं ताट उचललं आणि गुडघा धरत बाहेर आले.

"सरक बघू," ते म्हणाले. "एकट्यान काय जेवतंस?"

बाबा सरकले. काकीने वड्यांची परात हातात देऊन मला बाहेर पिटाळलं. दोघांनाही गरम हवे होते.