डिमेलो काकांची वही

"बघू होमवर्क," म्हणत मी वही उचलली, उलटी उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. तिथेच माती खाल्ली.

मी स्पीच थेरपिस्ट. क्लिनिक दिल्लीत, सरोजिनी नगरला. डिमेलो काका मूळचे वसईचे, रिटायर झाल्यावर आर. के. पुरमला मुलीच्या क्वार्टरमध्ये राहायचे. कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढलेली. गळ्याला छोटं मशीन टेकवून बोलायला मी त्यांना शिकवत होते. रोज बोलायची वाक्यं घरून वहीत लिहून आणायची, हा होमवर्क.

पण मागच्या पानावर वाक्यं नव्हती, पापं होती. मी स्वतः कॅथलिक, दुसऱ्या ओळीला कळलं. मशीन घरघरतं, चर्चमधल्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल, म्हणून कन्फेशन त्यांनी लिहून काढलं होतं. फादरांच्या हातात द्यायला.

काकांनी वही हिसकावली. पुढच्या दोन्ही सेशनना आलेच नाहीत.

मुलीला फोन केला. "ताई, ईस्टरच्या आत कन्फेशन करायचंच म्हणत होते. आता चर्चचं नावही काढू देत नाहीत. बिल्कुल गप्प बसलेत."

शेवटी मीच गेले कन्फेशनला. किती वर्षांनी, ते विचारू नका!

"जानबूझकर पढ़ा?" जाळीपलीकडून फादरांनी विचारलं.

"नहीं फादर. जल्दबाज़ी में."

"किसी को बताया?"

"नहीं."

"तो कभी मत बताना. जाकर उनसे माफ़ी माँगो. भगवान ने तुम्हें माफ़ किया, अब खुद को मत सताओ."

ढसाढसा रडले हो मी. चाळिशीची बाई, पर्समध्ये रुमालसुद्धा नाही.

तशीच काकांकडे गेले. "चुकले काका. आत्ताच कन्फेशन करून आले. फादर एका शब्दाने रागावले नाहीत."

काकांनी मशीन गळ्याला लावलं. "तुझं... पाप... काय?"

"तुमची वही!"

काकांचे खांदे गदगदा हलायला लागले. स्वरपेटी नसलेला माणूस हसतो तेव्हा आवाज येत नाही.

शनिवारी त्यांना चर्चमध्ये घेऊन गेले. फादरांनी रांगेतून काढून ऑफिसात नेलं, दार लावलं. वही काकांनी माझ्याकडेच दिली. म्हणाले, "बोलूनच... सांगतो." बाहेर नुसती घरघर ऐकू येत होती, शब्द एकही नाही. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते आणि चालणं एकदम हलकं. मागचं पान त्यांनी माझ्यासमोर फाडलं.

तेव्हापासून वही पेशंटनेच उघडायची, असा माझा नियम आहे. त्या दोन ओळी मी फादरांनाही सांगितल्या नव्हत्या. तुम्हालाही सांगणार नाही.